वाघाला घातलेली साद

निवांत जागा बघून बसा. पाठ ताठ ठेवायचा आग्रह नाही, नाक मोकळं असलं की पुरे. एक श्वास सावकाश आत घ्या. त्यात फोडणीचा वास असेल, ओल्या भिंतीचा असेल, शेजारच्या उदबत्तीचा असेल. वासाला नाव मिळालं की आपलं त्याच्याकडे लक्ष राहत नाही. आज नाव द्यायची घाई करू नका.

आता मनातल्या मनात आंबेमोहोर शिजायला ठेवा. झाकण उचलल्याबरोबर जी पहिली वाफ येते, तिच्यापाशी थांबा. त्या सुगंधाचं मुख्य कारण असलेल्या रेणूला रसायनशास्त्रात २-असिटिल-१-पायरोलीन म्हणतात. बासमतीतही तोच असतो. आणि वाघ शेपटी उचलून झाडाच्या बुंध्यावर जो फवारा मारतो, त्यातही तोच सापडला. कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी आणि त्यांचे सहकारी यांनी हे दाखवून दिलं. ओडिशात सिमलिपालच्या जंगलालगत सरोजराज चौधरींनी लेकीसारखी वाढवलेली खैरी वाघीण ब्रह्मचारींच्या वाघाच्या गंधावरील अभ्यासात होती. हे वाचून मनात काय उमटलं, ते थोडा वेळ नुसतं पाहा.

त्या फवाऱ्यात स्निग्ध पदार्थही असतात. ते वासाला धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात, म्हणून खूण बरेच दिवस टिकते. वाघ बहुतेकदा कललेल्या खोडाची आतली बाजू निवडतो, जिथे पावसाची झड कमी लागते. मागून दुसरा वाघ येतो, नाक लावतो, मग वरचा ओठ मुरडून तोंड अर्धवट उघडतो. टाळूच्या वर असलेल्या एका खास इंद्रियापर्यंत तो वास त्याला न्यायचा असतो. कोण येऊन गेलं, नर की मादी, किती दिवसांपूर्वी, मादी माजावर आहे का, हे सगळं त्या खोडावर असतं, गावच्या चावडीवरल्या फळ्यावर असावं तसं. ते वाचायला लागणारा वेळ वाघ देतो. तेवढा वेळ तो एका जागी उभा राहतो.

या उभं राहण्यावर जरा मन ठेवा. गंधाचं आमिष तयार करणारा माणूस नेमका हाच वेळ मागत असतो.

उत्तर अमेरिकेत कायोटी, कोल्हे आणि बॉबकॅट यांच्यासाठी सापळे लावणाऱ्यांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या जपलं आहे. आंबवलेली अंडी, कुजवलेलं मांस, माशाचं तेल, बीव्हरच्या शेपटीजवळच्या पिशव्यांतला स्राव, स्कंकचा उग्र अर्क, त्या त्या प्राण्याच्या ग्रंथी आणि मूत्र यांतून त्यांची आमिषं बनतात. गोठू नये म्हणून ग्लिसरीन घालतात. कुठला वास कधी लावायचा, यातच खरी जाण दिसते. भुकेच्या दिवसांत अन्नाचा वास चालतो. हिवाळ्याच्या शेवटी, जोड्या जमायच्या वेळी, मूत्राचा आणि ग्रंथींचा वास चालतो. कडाक्याच्या थंडीत हलका वास वर उठतच नाही, तेव्हा स्कंक कामाला येतो. आणि प्रमाण थोडंच लागतं. जास्त वास झाला की अनुभवी कायोटी बिचकतो आणि लांबून वळसा घालून जातो. सापळ्याला माणसाच्या हाताचा वास राहू नये म्हणून रबरी हातमोजे घालतात.

हे ज्ञान किती बारीक निरीक्षणातून आलं असेल, याचा विचार करा. प्राण्याची भूक, ऋतू, शंका, एकटेपण हे सगळं ओळखल्याशिवाय ही बाटली भरता येत नाही. त्याच ज्ञानातून एक निरुपद्रवी वाटही निघाली. १९७०च्या दशकात अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत चाळलेल्या मातीचं साधारण मीटरभर रुंद वर्तुळ करायचे, मधोमध गंध ठेवायचा आणि सकाळी पावलांचे ठसे पाहायचे. कायोटी येऊन, हुंगून निघून गेलेला असायचा. त्याची नोंद व्हायची, त्याला इजा व्हायची नाही. मला हा उपयोग फार मोलाचा वाटतो.

पुन्हा श्वास घ्या. आता न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात चला. २००३ साली पॅट थॉमस यांनी तिथल्या दोन चित्त्यांपुढे २४ अत्तरं ठेवून पाहिली. काहींकडे चित्त्यांनी क्षणभरच लक्ष दिलं. कॅल्विन क्लाइनच्या ‘ऑब्सेशन फॉर मेन’पाशी मात्र ते सरासरी ११ मिनिटांहून जास्त रेंगाळले. त्यात जवादी मांजराच्या कस्तुरीतल्या सिव्हेटोन या द्रव्याची कृत्रिम नक्कल आहे. पुढे ग्वाटेमालाच्या जंगलात जग्वार कॅमेऱ्यासमोर थांबावेत म्हणून हेच अत्तर वापरलं गेलं. जग्वार थांबले, अंगावरच्या ठिपक्यांवरून त्यांची ओळख पटली, आणि ते आपल्या वाटेने गेले.

मग ते अत्तर यवतमाळ जिल्ह्यात आलं.

इथे घाई करू नका. २०१८ सालचा पांढरकवडा-राळेगावचा मुलूख डोळ्यांपुढे आणा. कपाशीची शेतं, त्यांना लागून झुडपी रान. टी-१ वाघिणीवर, जिला पुढे लोक अवनी म्हणू लागले, १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. वेचणीला जाणाऱ्या बाईचा श्वास कसा चालत असेल, ओळीच्या टोकाला पोचल्यावर ती मागे का वळून पाहत असेल, तेही याच मननात घ्या. तिला वगळून वाघिणीबद्दल कळवळा दाखवणं मला मान्य नाही. आणि वाघिणीबरोबर जेमतेम १० महिन्यांचे दोन बछडे होते, हेही वगळू नका.

तिला शोधायला वनखात्याने कॅमेरे लावले, हत्ती आणले, महिने गेले. रानात ते अत्तर आणि दुसऱ्या वाघिणीचं मूत्र शिंपडल्याचं त्या वेळच्या बातम्यांत आलं. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री बोराटीच्या परिसरात ती गोळीने मेली. तिला आधी बेशुद्धीचा डार्ट मारला होता का, यावरून वाद झाला, तो न्यायालयातही गेला.

ती वासाच्या ओढीने त्या वाटेला आली असेल, तर ते स्वाभाविकच होतं. आपल्या हद्दीत परकी मादी आल्याची खूण मिळाली की पिल्लांची आई पाहायला येणारच. हद्द राखणं आणि पिल्लं राखणं यासाठीच तिचं नाक घडलेलं आहे. आपण तिच्या भाषेत काहीतरी लिहून ठेवतो, ती ते खरं मानून येते. म्हणून तिथे तिची गाठ कशाशी पडणार, हे गंध शिंपडण्याआधी ठरलेलं असायला हवं. कॅमेऱ्यासाठी घातलेली साद आणि बंदुकीसाठी घातलेली साद वाघिणीला सारखीच येते. फरक ओळखणं तिला शक्य नाही, ते आपल्यालाच करावं लागतं.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ११ने वाघासारख्या प्राण्यासाठी क्रम घालून दिला आहे. त्याला पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही, दुसरीकडे हलवता येत नाही, अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री झाल्यावरच मारण्याचा आदेश देता येतो. गंधाचं आमिष त्या क्रमातल्या पहिल्या पायरीचं, म्हणजे जिवंत पकडण्याचं साधन आहे. डार्ट मारणारा पशुवैद्य, पिंजरा, गाडी, पुरेसा उजेड आणि गावकऱ्यांना दिलेली सूचना, हे सगळं जागेवर असल्याखेरीज अत्तराच्या बाटलीचं झाकण उघडू नये. २०१८च्याच डिसेंबरमध्ये टी-१च्या मादी बछड्याला बेशुद्ध करून जिवंत पकडलं गेलं आणि पेंचला नेलं गेलं.