पाय ठेवावा की नाही?

माणसाला पाहण्याचा हक्क कुठवर असतो? हा प्रश्न आम्हांला पुस्तकात नव्हे, नाथसागराच्या पाण्यावर भेटला.

आम्ही अंबड तालुक्यातल्या एका उर्दू शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्याकडची बरीच शेतं जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर पिकतात. ते पाणी कुठून येतं हे मुलांनी पाहावं, पक्षीही पाहावेत, म्हणून गेल्या एप्रिलमध्ये आठवीच्या अकरा मुलांना घेऊन पैठणला गेलो. धरणाचं उद्घाटन १९७६ साली झालं; जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा १९८६ मध्ये मिळाला. हिवाळ्यातले पाहुणे पक्षी एप्रिलपर्यंत बहुतेक परतलेले असतात. पण पाणी ओसरलं की बुडालेल्या टेकाडांचे माथे बेटांसारखे वर येतात आणि त्यांवर नदी सुरय अंडी घालतो. पिवळी चोच, काळी टोपी, करडे पंख. एकेकाळी नद्यांवर सर्रास दिसणारा हा पक्षी आज जगातल्या धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या यादीत आहे.

होडी बेटाजवळ गेली. दुर्बीण एकच. होडीवाले काका म्हणाले, "सर, उतरा की खाली. अंडी पायाशी दिसतील." मुलं उठून उभीच राहिली. तेवढ्यात सगळे सुरय ओरडत उडाले आणि डोक्यावर घिरट्या घालू लागले.

सुरय घरटं विणत नाही. वाळूत उथळ खळगा, त्यात दोन-तीन ठिपकेदार अंडी. मराठवाड्याच्या एप्रिलमध्ये अंड्यांना उबेपेक्षा सावलीची गरज असते. पक्षी पोटाची पिसं भिजवून येतो आणि अंडी गार ठेवतो. तो उडाला की ऊन आपलं काम करतं, नाहीतर कावळे.

आम्ही होडी मागे घ्यायला लावली. मुलं हिरमुसली.

बरोबर केलं का? जवळून पाहिल्याशिवाय माया जडत नाही, हेही खरं. मुंबईच्या सुलेमानी बोहरा घरातल्या सालिम अलींना पक्ष्यांचा नाद लागला तो लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीमुळे. गळ्यावर पिवळा डाग असलेली ती चिमणी कोणती, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. पण त्या धड्याची किंमत चिमणीने मोजली होती.

हदीसमध्ये एक प्रसंग येतो. प्रवासात सहाबांनी एका पक्षिणीची दोन पिल्लं उचलली. ती तडफडत वर घिरट्या घालू लागली, तेव्हा हुजूर (स.) यांनी पिल्लं परत ठेवायला सांगितली. सहाबांची नीयत वाईट होती असं कुठे म्हटलेलं नाही. आमचीही नव्हती. म्हणजे नीयत साफ असली तरी समोरच्याचा जीव टांगणीला लागू शकतो, आणि ते कळल्यावर नीयतीची सबब उरत नाही.

काका बेटावर उतरतात ते जाळं वाळवायला, पोटासाठी. आम्ही उतरणार होतो हौसेसाठी. त्यांना उपदेश करण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण आमची हौस त्यांच्या गरजेच्या रांगेत उभी करणं हेही खरं नाही.

एक हिशेब मात्र बाकी आहे. दुर्बिणीची पाळी शेवटच्या मुलापर्यंत पोचलीच नाही. परतताना तो म्हणाला, "सर, मी काहीच पाहिलं नाही." आम्ही त्याला अंड्यांबद्दल सगळं समजावलं. त्याने मान डोलावली, पण सुरय काही त्याला दिसला नाही.