वेळ भरली

देवबागला आमच्या अंगणात पावसाळ्यात पाण्यापासून जीव वाचवायचा वर्ग भरतो. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या असतात आणि माणसं रिकामी सापडतात. गावातली मुलं येतात, दोन-चार खलाशी येतात, पर्यटकांना फिरवणारे होडीवाले येतात. नवरा गाठी आणि इंजिन शिकवतो, मुलगी प्रथमोपचार, उरलेलं सगळं माझ्याकडे. पाण्यात उतरवतो ते दिवाळीनंतर, आणि तेही कर्लीच्या खाडीत, भरती चढत असताना. हातातून सुटलेलं पोर भरतीला कर्लीतून आत जातं. ओहोटीला मुखातून बाहेर जातं, आणि बाहेर म्हणजे समुद्र.

पडवीत माझे वडील बसलेले असतात. ब्याऐंशी वर्षांचे, जन्मभर तांडेल. शाळा सुरू केली त्या वर्षी मी लाइफ जॅकेटांचा गठ्ठा सोडत होते तेव्हा ते म्हणाले होते, “दर्याक नारळ दिलंव मां, मगे ह्या गळ्यात कित्याक?” हा प्रश्न मी हसण्यावारी नेला. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही हे मला नंतर कळलं. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर आधी किल्ल्याचा मानाचा नारळ, मग गावाचे, मग आमचा. देऊन झाल्यावर वर पट्टा आवळायचा, म्हणजे दिलेल्या शब्दावर आपलाच भरवसा नाही, असं त्यांचं म्हणणं. देवाशी बोलताना एक आणि होडीत बसताना दुसरं, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला खटकत होतं.

आता ती गोष्ट सांगते, जिच्यामुळे शाळा आहे. पंचवीस वर्षं होतील. बाबांची पात, म्हणजे होडी, पहाटे परत येत होती. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, त्यावर लाट फुटते. पात तिथे आडवी झाली आणि एकोणीस वर्षांचा खलाशी बाहेर फेकला गेला. त्याला पोहता येत नव्हतं. लोकांना हे खरं वाटत नाही, पण होडीवर आयुष्य काढलेले आणि पोहता न येणारे खलाशी मी मोजून दाखवीन. तिसऱ्या दिवशी तो भोगव्याच्या बाजूला सापडला.

त्याची आई आमच्या घरी आली. माझ्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, “तेची वेळ भरलली.” त्याच संध्याकाळी बाबा अंगणात चार माणसांना म्हणाले, “तेची वेळ भरलली.” शब्दाला शब्द तोच. त्या आईचं ऐकताना मला रडू आलं होतं. बाबांचं ऐकताना मला राग आला, आणि तो कशाचा हे कळायला फार वर्षं गेली.

पुस्तकात शोधलं. गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठलंही कर्म घडायला पाच कारणं सांगितली आहेत: जागा, करणारा, साधनं, नाना तऱ्हेचे प्रयत्न, आणि पाचवं दैव. दैव आहे, नाकारलेलं नाही. पण ते पाचव्या नंबरावर आहे. मी वर्गात हे सांगते तेव्हा बोटं मोजते. जागा म्हणजे तो दांडा. करणारा म्हणजे तांडेल. साधनं म्हणजे होडी, इंजिन, जॅकेट. प्रयत्न म्हणजे दांड्यावर यायच्या आधी थांबून दोन-चार लाटा बघणं. ही चार बोटं मिटल्यावर जे एक उरतं त्याला दैव म्हणा, माझी हरकत नाही. आमच्याकडे मात्र करंगळीपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. पंडितांनी यावर भाष्यं लिहिली आहेत. होडीवाल्याला एवढं पुरे.

तरी त्या बाईचं काय? तिने तर पहिल्याच शब्दाला दैव म्हटलं, आणि मला ते खोटं वाटत नाही. मी असं धरून चालते की ‘वेळ भरली’ हे वाक्य खरं की खोटं हे ते कोण बोलतो यावर ठरतं. मुलगा गेलेल्या आईला ते वाक्य आहे, कारण तिच्या हातात यातलं काहीच नव्हतं, आणि तिला उद्या भाकरी थापायची आहे. होडीच्या मालकाला ते वाक्य नाही. त्याच्या चार बोटांचा हिशेब अजून व्हायचा आहे. इतरांनी तर बोलूच नये.

१७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. आषाढातला वादळी वारा होता, बोट कलली तशी माणसं एका बाजूला लोटली, असं सांगतात. ज्या संताने प्रयत्नालाच देव मानायला शिकवलं त्याचं नाव त्या बोटीला होतं, हे मला कधी कधी रात्री आठवतं. कोकणात घराघरांत त्या बोटीच्या गोष्टी आहेत, आणि बहुतेकांचा शेवट एकच: ज्यांची भरली होती ते गेले. गर्दीत माणसांनी एका बाजूला धावायचं नाही, खाली बसायचं, एवढं एक वाक्य त्या गोष्टीतून पुढच्या पिढीला द्यायचं राहून गेलं. मी ते पहिल्या दिवशी देते.

शाळा सुरू केली तेव्हा बाबांना मी श्रद्धाळू आणि स्वतःला डोळस समजत होते. ते जॅकेटांनीच मोडलं. होडीवाल्यांकडे बघा. जॅकेट असतं, अंगात असतं, बकल उघडं. विचारलं तर म्हणतात, घातलंय की. बंदरावरच्या साहेबाला दाखवायला घातलेलं असतं, नाही तर पर्यटकाला. असं जॅकेट पाण्यात पडल्यावर डोक्यावरून निघून माणसाच्या आधी किनाऱ्याला लागतं. म्हणून मी प्रत्येकाला खांद्याजवळ दोन्ही हातांनी धरून वर ओढते. जॅकेट कानापर्यंत आलं तर पट्टे पुन्हा. लहान मुलाचा पायांमधला पट्टा आधी. सैल जॅकेट म्हणजे गळ्यातला ताईतच. नारळाने काम झालं असं मानणारा आणि जॅकेटाने काम झालं असं मानणारा, दोघेही एकाच देवळातले. दोघांनीही द्यायचं ते दिलं, आता दर्या देणं लागतो.

आणि नवस म्हणजे हेच. मी नारळ देते, दर वर्षी देते, पण त्यात काही मागत नाही. बाबांनी एकदा विचारलं, मग देतेस कशाला? मी म्हटलं, सोयऱ्याकडे जाताना रिकाम्या हाताने जात नाही म्हणून. त्यांना ते पटलं नाही. मलाही पूर्ण पटलेलं नाही.

कीर्तनात भवसागर येतो तेव्हा मी सावरून बसते. देव नावाडी, आपण उतारू, हात जोडून बसायचं आणि पैलतीर. घाटावरच्या नदीत ते चालत असेल. आमच्या इथे नावाडी उतारूला आधी वजनाप्रमाणे बसवतो, उभं राहू नको म्हणून दटावतो आणि मग दोरी सोडतो. बुडणारा माणूस ओरडत नाही, हे एकदा कीर्तनकारबुवांना सांगायचं आहे. त्याचं तोंड पाण्याच्या रेघेवर असतं, हात पाणी खाली दाबत असतात, धावा करायला श्वास उरत नाही. बघणाराच बघत असावा लागतो. मुलांना मी घोकून घेते: आधी काठी, मग दोरी, मग होडी, आणि आपण सगळ्यात शेवटी. दोरीच्या टोकाला तेलाचा रिकामा कॅन तळाशी थोडं पाणी ठेवून बांधला की फेकायला वजन येतं आणि धरायला तरंगतो.

गेल्या जुलैत कॅन फेकायचा सराव चालला होता. पाऊस उघडला होता, अंगणात चिखल होता, मुलं दहा पावलांवरच्या माडाला नेम धरून कॅन फेकत होती. पडवीतून बाबा उठले. काठी टेकत आले आणि मुलांसमोर बाकड्यावर बसले. मी काही विचारलं नव्हतं. ते म्हणाले, आमच्या पातीत दोन जॅकेटं होती. मुलं गप्प झाली, कारण बाबा वर्गात कधी बोलत नाहीत.

“मगे त्याका घातलास कित्याक नाय?” एका पोराने विचारलं. आठ-नऊ वर्षांचा असेल.

“खाली हुती. डिझेलच्या कॅनांखाली.”

“किती कॅन हुते, आजोबा?”

बाबांनी पोराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“तीन,” ते म्हणाले.