कडी लावलेली गिनी

पेन्शनीतून सोन्याची नाणी जमवायची हा छंद की लोभ, असा प्रश्न आमच्या घरातून आम्हांला झाला. उत्तर तेल अवीवच्या एका दुकानात सापडले.

आमच्यापुढे दोन नाणी होती. एक हर्झल यांच्या जन्मशताब्दीचे, १९६० सालचे वीस लिरांचे, कोरे करकरीत. दुसरी १९१८ सालची गिनी. सालावर बारीक ‘आय’ अक्षर, म्हणजे मुंबईच्या टांकसाळीची. दोन्ही बावीस कॅरेटची, सुमारे आठ ग्रॅमची. पण गिनीवर कडी जोडल्याची खूण होती. दुकानदार म्हणाला, “ही बिघडलेली. हिला नुसता सोन्याचा भाव.”

ज्या खुणेने संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते, ती कोणा बाईच्या गळ्याची साक्ष असते. आमच्या आईने आमच्या ट्रेनिंग कॉलेजच्या फीसाठी अशाच दोन गिन्या मोडल्या. सोनाराने कड्या तोडून वजन केले. आई काही बोलली नाही.

आम्ही गिनीच घेतली. केवळ भाव पाहणे हा लोभ. हे कोणी, कशापायी मोडले असेल, हे मनात आणून घेणे हा छंद, असे आम्हांस वाटते. आता तिला पुन्हा कडी लावून नातीच्या गळ्यात घालणार आहोत.