टेकू

कलेसाठी हाल सोसावेत असे सांगणारे गृहस्थ बहुधा आरामखुर्चीत असतात. गिटारवाल्याला विचारा! अभिजात पद्धतीत डावा पाय छोट्या स्टुलावर, वाद्य डाव्या मांडीवर; ही बैठक स्पेनच्या तार्रेगाने (१८५२–१९०९) रुळवली. तासाभराने कंबर बोलू लागते. म्हणून कुणी दोन्ही पाय जमिनीवर टेकून मांडीवर उशी घेतली, की लगेच ‘हा कसला साधक!’ अहो, तार्रेगाच्याही आधी आग्वादोने गिटार चक्क तिवईवर चढवली होती. अंगाला चिकटली की ती मोकळी घुमत नाही म्हणून. म्हणजे टेकू सुरासाठी घेतला तर साधना, कमरेसाठी घेतला तर चैन? पतंजलींनी तर आसनात स्थैर्याबरोबर सुखही मागितले आहे. बरं, उशीला हसणाऱ्यांच्या डाव्या पायाखाली जे स्टूल असते, ते काय त्यांनी आईच्या पोटातून आणलेले असते?