वहिनीचा होकार

"ती स्वतः 'जाऊ या' म्हणाली. सगळ्यांसमोर म्हणाली. मग तुझा आक्षेप कशाला आहे?" दादानं विचारलं.

"सगळ्यांसमोर म्हणाली, त्यालाच," मी म्हणाले.

सेशेल्समधल्या क्युरिएझ बेटाजवळ, बे लारे नावाच्या शांत उपसागरात आमचा भाड्याचा कॅटमरान बोयाला बांधलेला होता. बाकीची मंडळी डिंगीनं किनाऱ्यावर गेली होती. या बेटावर अल्डाब्राची महाकाय कासवं मोकळी हिंडतात, ती बघायला. वहिनीही गेली होती. पायाखाली जमीन आली की तिला बरं वाटतं. बोटीवर आम्ही दोघंच उरलो होतो. मावसभाऊ असला तरी दादा मला सख्ख्यासारखा. मर्चंट नेव्हीत आयुष्य काढलेला माणूस, त्यामुळे चार्टरच्या कागदावर कप्तान म्हणून नाव त्याचं.

प्रश्न उद्याचा होता. क्युरिएझच्या वायव्येला, साधारण दहा किलोमीटरवर अरीड हे बेट आहे. ग्रॅनाइटच्या बेटांमधलं सगळ्यात उत्तरेचं, फक्त पक्ष्यांसाठी राखलेलं. आमच्यातला एक जण बँकेतून निवृत्त झालेला पक्षीवेडा. वेंगुर्ल्याच्या खडकांवर सुरय पक्ष्यांची वीण पाहिल्यापासून त्याच्या डोक्यात अरीड बसलेलं. तिथे लाखो समुद्रपक्षी घरटी करतात. त्यातला सूटी टर्न हा सुरय तर असा, की पिल्लू एकदा उडालं की काही वर्षं जमिनीला पायच लावत नाही, समुद्रावरच राहतं. त्यांची वीण असते ती नेमकी आग्नेय वाऱ्याच्या हंगामात. म्हणून तर सहल ऑगस्टमध्ये ठरली. आणि ऑगस्टमध्येच इथला समुद्र सगळ्यात खवळलेला असतो.

माहे बेटाहून इथल्या प्रालँ बेटाला येताना त्याची चुणूक मिळाली होती. पंचवीस सागरी मैलांचा पल्ला, वारा पूर्णपणे उजव्या बाजूनं, लाट आडवी. कॅटमरान एकाच सांगाड्याच्या होडीसारखा कलत नाही हे खरं. पण आडव्या लाटेत त्याच्या दोन सांगाड्यांपैकी आधी एक उचलला जातो, मग दुसरा, आणि तो हिसका कलण्यापेक्षा वाईट. वहिनीला बोट लागली. मागच्या पायरीवर, दोन्ही गुडघ्यांत बादली धरून ती क्षितिजाकडे बघत बसली होती. दर वेळी ओकारी झाली की तोंड पुसायची आणि जो कुणी जवळ असेल त्याला म्हणायची, "सॉरी हं."

"सगळ्यांसमोर म्हणाली म्हणून तो होकार खोटा?" दादा म्हणाला. "अगं, ती काय लहान मुलगी आहे? तीस वर्षं शाळेचं ऑफिस सांभाळलंय तिनं. भलभल्यांना नाही म्हणालेली बाई. तिला स्वतःचं मन कळत नाही, असं म्हणणं हा तिचा अपमान आहे."

हा मुद्दा मला लागला, कारण तो बिनतोड होता. एखाद्याच्या काळजीच्या नावाखाली त्याचं बोलणंच मोडीत काढायचं, हे घराघरांत चालतं आणि बहुतेक वेळा बायकांच्या बाबतीतच चालतं.

"तिला मन कळत नाही असं मी म्हणतच नाही," मी म्हणाले. "ती खोटंही बोलली नाही. पण तिला नाही म्हणायचं असतं तर ते कसं म्हणता आलं असतं, एवढं सांग. पाच जण तिच्याकडे बघतायत. त्यातल्या एकानं नुकतंच वहीतलं पक्ष्याचं चित्र दाखवलंय. बोटीचं भाडं सहा जणांनी सारखं वाटून घेतलंय. अशा वेळी नाही म्हणायला काय लागलं असतं? तिला स्वतःच्याच तोंडानं पाच जणांची सहल मोडावी लागली असती. शाळेत भलभल्यांना नाही म्हणाली, कारण तिथे ते तिचं काम होतं. इथे नाही म्हणणं म्हणजे नुसती मागणी."

"मग काय, गुप्त मतदान घ्यायचं?"

"मतदान तर आणखीच वाईट. पाच विरुद्ध एक, आणि तो एक कोण हे सगळ्यांना ठाऊक."

दादा उठून पुढे गेला, बोयाचे दोर हातानं दाबून पाहून आला. बोलताना तो असं करतो. दोर ढिला नसतो, विचार करायला वेळ हवा असतो.

"बरं, होकार बाजूला ठेव," तो म्हणाला. "हिशेब बघ. पाच माणसांना आयुष्यात पुन्हा न मिळणारा दिवस. एकीला काही तासांची मळमळ. जीवाला धोका नाही. जमिनीवर उतरली की तासाभरात चहा मागेल. आधी गोळी घेतली, बोटीच्या मध्यावर बसली, नजर क्षितिजावर ठेवली, तर कदाचित काहीच होणार नाही. हा हिशेब तुला पटत नाही?"

"स्कॅनलन नावाचा अमेरिकी तत्त्वज्ञ आहे. १९९८च्या त्याच्या पुस्तकात एक उदाहरण येतं. वर्ल्ड कपचा सामना चालू आहे, कोट्यवधी लोक बघतायत. प्रक्षेपणाच्या खोलीत एका माणसाच्या हातावर यंत्र पडलंय, त्याला विजेचे झटके बसतायत. त्याला सोडवायचं तर प्रक्षेपण पंधरा मिनिटं बंद ठेवावं लागेल. बघणारे कितीही असले तरी त्यांच्या आनंदाची बेरीज करून या माणसाला तिथे पडू देता येणार नाही, असं तो म्हणतो. कारण ती बेरीज कुणा एकाच्या वाट्याला येत नाही. झटके मात्र एकालाच बसतात."

"विजेचे झटके आणि ओकारी एक नव्हे."

"नव्हे. म्हणूनच ते उदाहरण इथे पूर्ण लागू पडत नाही. आणि दुसऱ्या बाजूनंही पडत नाही. आपल्या पक्षीमित्राची ओढ म्हणजे काही सामना बघण्याची हौस नाही. त्यानं या एका बेटासाठी किती वाचलंय, किती टिपणं काढलीत, ते मी पाहिलंय. बाकी आपण चौघं अरीडला गेलो काय आणि न गेलो काय, वर्षभरात विसरून जाऊ. तेव्हा पाच विरुद्ध एक हा आकडाच खोटा आहे, दादा. खरा प्रश्न एकास एक आहे. त्याची ओढ आणि तिचा त्रास."

दादाला हे अपेक्षित नव्हतं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग विदुराकडे वळला. कुळासाठी एकाला सोडावं, असं विदुरानं सांगितलंय म्हणाला.

"सांगितलंय. पण कुणाला सोडा म्हणून? द्यूताच्या वेळी, धृतराष्ट्राला, दुर्योधनाबद्दल. जो सगळ्यांना बुडवायला निघालाय त्याला सोडा, असं ते सांगणं आहे. जो थकलाय, मागे पडलाय, त्याला सोडा असं नव्हे. आणि आपण आत्ता ज्याच्याजवळ थांबलोय ते बेट बघ. एकोणिसाव्या शतकापासून १९६० च्या दशकापर्यंत सेशेल्सचे कुष्ठरोगी इथे आणून ठेवत. बाकीच्यांच्या भल्यासाठी काही जणांना दूर ठेवायचं, हा विचार त्या काळी कुणाला वावगा वाटला नसेल. मी तुलना करत नाही, ती होऊच शकत नाही. पण बहुतांच्या भल्याचा हिशेब मांडणारा माणूस स्वतः नेहमी बहुतांतच असतो, एवढं बघ."

"डार्विनला पाच वर्षं बोट लागत होती," दादा म्हणाला. "बीगलवर. तरी गेला ना?"

"गेला. पण मिळेल तिथे उतरला. त्या सफरीतला कितीतरी जास्त काळ त्यानं जमिनीवर काढला. दक्षिण अमेरिकेत घोड्यावरून मैलोन्मैल हिंडला आणि पुढच्या बंदरावर येऊन पुन्हा जहाज गाठलं. जहाज आपल्या कामाला गेलं, तो आपल्या. त्याला कुणी मागे टाकलं असं झालं नाही."

इथे दादानं ते सांगितलं, जे तो बहुधा सकाळपासून मनात धरून होता.

"खरं सांगू? तिच्या जागी दुसऱ्या कुणाला बोट लागली असती ना, तर मी विचारलंही नसतं. थेट बेत बदलला असता. उद्या जाताना वारा पाठीशी आहे, काही वाटणार नाही. पण येताना तो तोंडावर असेल. दोन सांगाड्यांच्या मधल्या तळावर लाट आदळायला लागली की धडाधड हादरे बसतात, ते मला माहीत आहे, तिला माहीत नाही. शिवाय अरीडचा उतरायचा किनारा दक्षिणेला. या हंगामात वारा सरळ त्याच्यावर. राखीव क्षेत्राची रबरी होडी येऊन माणसं नेते, पण लाट मोठी असेल तर उतरू देत नाहीत. एवढं जाऊन बेट लांबूनच बघून परतावं लागेल, ही शक्यता बरीच आहे. दुसऱ्याची बायको असती तर हे सगळं मी आधी सांगितलं असतं. माझी आहे म्हणून मी तिचा होकार पटकन उचलला. बायकोसाठी बेत बदलला, असं कुणी म्हणू नये म्हणून."

माझ्या मते सगळा पेच इथेच होता. आपल्या माणसाला झुकतं माप देऊ नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवतात आणि ते योग्यच आहे. पण त्या धाकानं माणसं आपल्याच घरच्यांना कमी माप देतात, आणि त्याला निःपक्षपातीपणा म्हणतात. मुलाच्या वर्गाला शिकवणारा बाप त्यालाच जास्त मारतो. घरचं लग्न असलं की घरातली बाई सगळ्यांत शेवटी जेवते. यात न्याय नाही. आपल्या माणसाचा होकार फुकट मिळतो, म्हणून तो आधी खर्चला जातो.

"मग सोपं आहे," दादा म्हणाला. "सकाळी उठून सांगतो, वारा वाढलाय, अरीड रद्द. कुणाचं मन दुखायला नको. तो वाऱ्यावर चिडेल, तिच्यावर नाही."

"आणि वारा वाढला नसेल तर?"

"कप्तान मी आहे. माझ्या अंदाजाला कोण विचारणार?"

"कुणीच नाही, म्हणूनच तसं करू नकोस. आपण सहाही जण तुझ्या एका शब्दावर या बोटीत झोपतो. तू म्हणालास आत या, की आत येतो. शीड अर्धं उतरवा म्हणालास की उतरवतो. उद्या सोयीसाठी वाऱ्याचं निमित्त केलंस, तर परवा वारा खरंच उठेल तेव्हा तुझ्या तोंडचा तोच शब्द असेल. हवामानाबद्दल कप्तानानं कधीच खोटं बोलू नये. घरात चालून जाईल असं खोटं इथे चालत नाही."

"मग खरं सांगू? सगळ्यांसमोर म्हणू की हिला त्रास होतो म्हणून जात नाही? ज्या ओझ्यातून तिला सोडवायचं म्हणतेस, तेच तिच्या डोक्यावर देऊ?"

याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. खोटं बोललं तर दोघांचाही अपमान होतो: मित्राला मन मोठं करायची संधी मिळत नाही, आणि वहिनीला कळतच नाही की तिचा त्रास कुणाच्या तरी लक्षात आला. खरं बोललं तर ती कारण ठरते. बराच वेळ आम्ही यावर बोललो. दादाचं म्हणणं, एकत्र आलोय तर एकत्रच राहायचं. नाही तर बोट घेतलीच कशाला, सहा तिकिटं काढून सहा हॉटेलांत राहिलो असतो. मला ते पटत नव्हतं. एकत्र असणं म्हणजे सगळ्यांनी सगळं सोसणं, असं मी मानत नाही.

"वारा मानवला तर प्रालँहून अरीडला माणसं नेणाऱ्या होड्या निघतात ना?" मी विचारलं. "त्यांना तो किनारा रोजचा. आपल्यापेक्षा पक्षीमित्राला उतरवणं त्यांनाच जास्त जमेल. त्याला त्या होडीनं पाठव. पैसे सगळ्यांच्या वर्गणीतून, त्याच्या खिशातून नाही. ज्याला जायचं तो त्याच्याबरोबर जाईल. बोट प्रालँच्या आडोशाला राहील. संध्याकाळी अंधार पडायच्या आत सगळे परत."

"आणि सांगताना काय सांगायचं?"

"खरं तेच, पण तुझ्या नावावर. येताना बोट वाऱ्यावर नेणं मला योग्य वाटत नाही, मी ती नेणार नाही, असं सांग. हे खोटं नाही. आत्ता तूच मला हादऱ्यांचं सांगितलंस. कारणांत ती आहे, पण एकटी ती नाही. कुणी विचारलं तर तिचंही नाव घे, लपवू नकोस. फरक एवढाच, की नकार तिनं द्यायचा नाही, तू द्यायचा. त्याचा राग कुणाला आला तर तो तुझ्यावर येऊ दे. कप्तानपण कशासाठी असतं? फक्त सुकाणू धरायला?"

"तो म्हणेल, मी एकटा कशाला जाऊ, सगळ्यांबरोबर नसेल तर नकोच."

"म्हणू दे. ते त्याचं ठरवणं असेल, आणि पूर्ण माहितीनं ठरवलेलं असेल."

"आणि ती म्हणेल, माझ्यामुळे वर्गणीतले पैसे गेले. मी 'जाऊ या' म्हटलं होतं ना, मग मला न विचारता का बदललंस? चिडेल."

किनाऱ्यावरून डिंगीचा आवाज यायला लागला होता. मी उठले.

"तिला आधी एकटीला सांग, बाकीच्यांच्या आधी. आणि विचारू नकोस, 'चालेल ना?' म्हणून. विचारलंस की ती परत हो म्हणेल. ठरवलंय ते सांग, का ठरवलंय तेही सांग, त्या हादऱ्यांसकट. मग चिडली तर चिडू दे. तेवढा हक्क तिला या प्रवासात अजून मिळालेला नाही."