वेलीचे कुळ

गेल्या नाताळानंतर आमच्या घरी भाचीच्या लग्नाची बोलणी निघाली. मुलगा सालस, शिकलेला, आपल्याच धर्मग्रामातला. तरी मावशीने विचारलेच, “ते सगळे खरे, पण मूळचे कोण?” टेबलावर गोव्याहून आणलेली पोर्ट वाइनची बाटली होती. तिचे मूळ मात्र कोणी विचारले नाही.

ते विचारण्याजोगे आहे. गोव्याची ही गोड वाइन बहुतांशी ‘बेंगलोर ब्ल्यू’ नावाच्या काळ्याजांभळ्या द्राक्षांपासून होत आली आहे. बेंगळुरूच्या आसपासच्या जिल्ह्यांत ती पिकतात. जाणकार या जातीला ‘इझाबेला’ असेही म्हणतात. अमेरिकेतील रानवेल आणि युरोपातील द्राक्षवेल यांचा हा संकर. कोणी मुद्दाम केलेला नव्हे, आपोआप झालेला. लाँग आयलंडवरील रोपवाटिकेचे मालक विल्यम प्रिन्स यांनी १८१६ च्या सुमारास ही वेल प्रसारात आणली. इझाबेला गिब्ज या बाईंवरून तिला नाव मिळाले. साल जाड, वास उग्र, प्रकृती काटक. रस, जॅम, जेली, वाइन, सगळ्याला चालते.

याच वेलीच्या भाईबंदांची फ्रान्समध्ये झालेली गत मला अधिक विचारात पाडते. १८६० नंतर अमेरिकन वेलींबरोबर फायलॉक्सेरा ही मुळे शोषणारी सूक्ष्म कीड तेथे पोचली आणि मळेच्या मळे वाळून गेले. उपाय सापडला तोही अमेरिकन वेलीतच. तिची मुळे ही कीड सोसतात. म्हणून त्या खुंटावर युरोपातील वेलीचे कलम बांधण्यात आले. आज जगातील बहुतेक खानदानी वाइन अशा परक्या मुळांवर उभी आहे. आपल्या नाशिक-सांगलीच्या बागांतही खाली ‘डॉगरिज’ हा अमेरिकन खुंट असतो, खारट जमीन आणि पाण्याची टंचाई सोसणारा.

परंतु १९३४ च्या अखेरीस फ्रान्सने सहा अमेरिकन आणि संकरित जातींवर कायद्याने बंदी घातली. त्यांत इझाबेला होती. वाइनचे उत्पादन बेसुमार वाढले होते, हे एक कारण. चवीत रानटी दर्प आहे, हे दुसरे. ही वाइन माणसाला वेड लावते, असेही बोलले गेले. मुळे चालली, फळ चालले नाही.

चव ज्याची त्याची, हे मला मान्य आहे. मलाही ती वाइन जरा उग्रच वाटते. कुळाचा अभिमान म्हणजे निव्वळ अहंकार, असेही मी म्हणणार नाही. आपली बोली, लग्नातली गाणी, ओवाळण्याच्या रीती कुळांनीच जपल्या. पण संकराची वेल काटक असते, उपयोगी पडते, म्हणून तिला मान द्या, हा युक्तिवादही मला पटेनासा झाला आहे. उपयोग तर फ्रान्सनेही मान्य केला होता! उपयोगापुरता जवळ केलेला माणूस जमिनीखालीच राहतो. वरच्या फांद्यांना त्याची आठवण नसते. संत पौलाने रोमकरांना लिहिताना कलमाचाच दाखला दिला आणि फांदीने मिरवू नये असे बजावले; आपण तो भाग चर्चमध्ये ऐकतो आणि घरी येतो.

मिस्साबलिदानाच्या द्राक्षारसाविषयी १९८३ च्या धर्मसंहितेत नियम आहे. तो नैसर्गिक हवा, द्राक्षवेलीच्या फळाचा हवा, नासलेला नसावा. वेलीच्या कुळाचा उल्लेख तेथे नाही.

त्या मुलाचे आजोबा आमच्याच वाडीत राबले. आज आम्ही ज्या नारळांचे पाणी पितो, त्यांतले निम्मे माड त्यांनी लावले आहेत. मावशीलाही हे ठाऊक आहे. तिनेच मला ते सांगितले, आणि सांगताना तिचा आवाज उतरला होता. आमच्याकडून मुलाच्या घरी होकार अजून गेलेला नाही.