उतारशाळेच्या रक्षकाचे काय?

आमच्या परिचयाच्या एक परिचारिका आहेत. वीस वर्षांची नोकरी, इंजेक्शन देताना हात हलका, रुग्णांशी बोलणे मायेचे. त्यांच्या विभागात शिरेतून ठरावीक वेगाने औषध सोडणारे नवे यंत्र आले. ते कसे चालवावे, हे कोणी नीट शिकविले नाही. एका रात्री चाळीस खाटांमागे दोघीच कामावर असताना औषधाचा वेग चुकला. रुग्ण सुदैवाने बचावला. बाईंना मात्र लेखी ताकीद मिळाली.

"चूक माझीच," असे त्या आजही म्हणतात. ते खरेच आहे. पण ती त्यांची एकट्याचीच होती काय? हा प्रश्न आम्हांला स्वस्थ बसू देत नाही.

सेवेला प्रेमळ अंतःकरण असले की पुरे, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या एका प्रसूतिगृहात डॉक्टर शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत. त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता, ज्ञान नव्हते. एप्रिलमध्ये तेथे शेकडा सुमारे १८ बाळंतिणी दगावल्या. मे महिन्यात डॉ. सेमेलवाइस यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला, आणि जूनमध्ये हे प्रमाण सुमारे २ वर आले. तेव्हा योग्यतेची कसोटी लावणे म्हणजे सेवकावर अविश्वास दाखविणे नव्हे. खाटेवर असहाय पडलेल्या माणसाचा तो हक्क आहे.

आपल्या देशात परिचर्येच्या शिक्षणाची पातळी सर्वत्र सारखी असावी म्हणून १९४७ साली कायदा झाला. २०२३ साली संसदेने त्याविषयी नवा कायदा संमत केला. नोंदणीचे नूतनीकरण करताना पुढील शिक्षणाचे ठरावीक तास भरल्याचा दाखला काही राज्यांत मागतात. हे योग्यच आहे. परंतु हे तास कोणाच्या पदरचे? रात्रपाळी संपवून आलेल्या बाईंनी सुटीच्या दिवशी, स्वतःच्या खर्चाने वर्गाला जावे, अशी अपेक्षा असेल, तर गवत न देता विटांचा आकडा मात्र पुरा मागण्यासारखे झाले. तो फारोचा न्याय होय.

"लहान रुग्णालयांनी पैसा आणावा कोठून?" असे कोणी विचारील. अडचण खरी आहे. पण आठवड्यातून एक तास कामाच्या वेळेतच शिकण्यासाठी राखणे, नवे यंत्र आले की पहिले काही दिवस जाणते माणूस शेजारी उभे करणे, आणि झालेली चूक न भिता सांगता येईल असे वातावरण ठेवणे, एवढे तरी करता येईल. त्याला खर्च येईल, आणि तो शेवटी आपल्याच बिलात व वर्गणीत उतरेल. तो देण्याची आपली तयारी आहे काय?

चांगल्या शोमरोन्यावर आपण पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. त्याने जखमी माणसाला उतारशाळेत नेले, एवढे आपल्या लक्षात राहते. पण निघताना त्याने रक्षकाच्या हाती पैसे ठेवले, आणि अधिक लागल्यास परत येताना फेडीन असा शब्द दिला, हे आपण विसरतो. त्याने शुश्रूषेची जबाबदारी दुसऱ्यावर सोपविली, पण त्याला रिकाम्या हाताने सोडले नाही.

आपल्यापैकी कित्येकांच्या मुली व सुना या व्यवसायात आहेत; काही जण रुग्णालयांच्या कमिट्यांवर बसतात. पुढच्या बैठकीत एखाद्या परिचारिकेच्या चुकीचा कागद पुढे येईल, तेव्हा त्यावर सही करण्यापूर्वी एवढेच विचारावे : हे काम तिला आपण शिकविले होते काय?